सोळा आण्यांचा संगणक

दहावीचा निकाल लागला की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (बोलताना आम्ही अजून 'नगर'च म्हणतो) अकरावी विज्ञानाचा अर्ज भरताना घरोघरी एक प्रश्न निघतो : 'सीएस घ्यायचे का?' सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स. बहुतेक पालक 'घे' म्हणतात. पुढे कामाला येईल, शिवाय प्रात्यक्षिकाचे गुण हातात पडतात. या 'घे'बरोबर काय सोडावे लागते, याची चर्चा मात्र मी फारशी ऐकलेली नाही.

राज्य मंडळाच्या बारावीला हा विषय द्विलक्षी अभ्यासक्रमात येतो. द्विलक्षी म्हणजे सर्वसाधारण शिक्षण आणि व्यवसायशिक्षण अशी दोन्हींकडे नजर असलेला. याच योजनेत पीकशास्त्र आहे, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे. हे विषय २०० गुणांचे. कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. आता एकूण बेरीज ६०० च्या पुढे जाऊ द्यायची नाही. मग इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित यांचे ४०० आणि हे २०० झाले की वही भरली. बाहेर पडतात ते एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, आणि दुसरी भाषा. आपल्याकडे दुसरी भाषा म्हणजे बहुतेकांची मराठी.

जीवशास्त्र सोडताना निदान 'डॉक्टर व्हायचे नाही ना?' असे विचारले जाते. मराठीबद्दल तेवढेही कोणी विचारत नाही.

विषयात शिकवतात काय? पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल. दुसऱ्या पेपराचा प्राण म्हणजे ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर. इंटेल कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला. चाळीस पायांचा, पाच व्होल्टवर चालणारा, एका वेळी आठ बिटांवर काम करणारा. पत्त्यासाठी सोळा तारा, म्हणून ६५,५३६ घरांपर्यंत पोचणारा. केंद्रीय मंडळाने सी प्लस प्लस सोडून पायथॉन घेतली, आणि आमच्याकडची मुले वर्षानुवर्षे या चिपवर घासत आहेत, म्हणून पुष्कळ जण हसतात. मी हसत नाही. मी संगणक कॉलेजात शिकलेलो नाही. जे थोडे शिकलो ते भाचीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवरून, आणि त्यातही ८०८५ मुळेच. पायथॉनमध्ये बेरीज लिहिली की उत्तर येते, ते कोठून आले हे दिसत नाही. ८०८५ च्या किटवर ते डोळ्यांसमोर घडते.

किट म्हणजे उघडी पाटी : चिप, थोडी बटणे आणि लाल आकडे दाखवणाऱ्या खिडक्या. पंधरात एक मिळवायचा असेल तर पोरगी नऊ आकडे भरते : ३ई, ०एफ, ०६, ०१, ८०, ३२, ५०, सी०, ७६. पहिल्या जोडीचा अर्थ 'ए नावाच्या घरात पंधरा ठेव', दुसरीचा 'बी मध्ये एक ठेव'. ८० म्हणजे 'बी ला ए मध्ये मिळव'. ३२ आणि पुढचे दोन आकडे म्हणजे 'उत्तर सी०५० या पत्त्यावर ठेव'. ७६ म्हणजे 'थांब'. सी०५० उघडले की खिडकीत दिसते १०.

इथे वर्ग अडतो. पंधरा अधिक एक दहा कसे? आणि पत्ता सी०५० असताना आधी ५० आणि मग सी० असा उलटा का भरायचा? पुस्तक इंग्रजीत, वही इंग्रजीत. उत्तर म्हणून 'हेक्साडेसिमल' आणि 'लोअर बाइट फर्स्ट' हे शब्द पाठ होतात, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवले जातात.

आता हेच आमच्या आजोबांच्या हिशेबाने पाहा. पंधरा आण्यांत एक आणा मिळवला की काय होते? एक रुपया, शून्य आणे. एक, शून्य. खिडकीतला १० तो हाच. सोळा भरले की हातचा पुढच्या घरात जातो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत सगळा महाराष्ट्र बाजारात हेच करीत होता. शेरालाही छटाका सोळाच. पावकी-निमकी पाठ असलेल्या म्हाताऱ्याला सोळाचा पाया समजावायला पाच मिनिटे पुरली असती. दुसरी अडचण तर आपण रोज बोलतो. पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस. लिहितो २५, उच्चारतो उलटे. इंटेलनेही धाकटा भाग आधी, थोरला मागून अशीच रीत ठेवली. इंग्रजीत 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणणाऱ्याला ही चाल मुद्दाम शिकावी लागते. मराठी मुलाच्या ती जिभेवर असते. पण त्या तासाला ती जीभ वर्गाबाहेर ठेवलेली असते.

म्हणून मला हा प्रश्न नुसत्या भाषाप्रेमाचा वाटत नाही. मराठी गेल्याने मराठीचे नुकसान होते ते होतेच. संगणकाच्या समजेचेही होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचले, ते इंग्रजीत. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी मराठीतून शिकता येतो. म्हणजे कारकुनीपुरता संगणक मराठीत आहे. तो आतून कसा चालतो हे सांगायची वेळ आली की मराठी थांबते.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, ती दहावीपर्यंत. अकरावीचा उंबरा ओलांडला की कायदा संपतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला आणि त्याच महिन्यात जिल्ह्याचे नाव बदलल्याची अधिसूचना निघाली. फटाके दोन्हींचे वाजले, अर्जावरचा रकाना होता तसाच राहिला. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितली गेली ते याच जिल्ह्यात आहे, एवढेच नोंदवतो. त्यावर भाषण करीत नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर ठरतो, तिथे मराठीच्या उत्तम निबंधाला शून्य किंमत. पण ६०० ची बेरीज काही निसर्गनियम नाही. प्रात्यक्षिकाच्या १०० गुणांतल्या तोंडी परीक्षेचे उत्तर मराठीत चालेल, एवढी एक ओळ मंडळाने काढली तर बेरीजही बदलत नाही. मास्तर तरी प्रयोगशाळेत काय बोलतात? 'अगं, आधी धाकटा टाक, मग थोरला.' मुलगी बरोबर टाकते, खिडकीत १० उमटते, आणि मग ती वहीत इंग्रजी वाक्य उतरवून घेते.