उन्हानें पोळणें आणि ऊन लागणें

चैत्र-वैशाख आला कीं आमच्या हातकणंगले तालुक्यांत उन्हाचा ताप वाढूं लागतो. तरी ऊसाच्या शेतांतील कामें थांबत नाहींत, आणि चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगराकडे जाणारे यात्रेकरूहि थांबत नाहींत. अशा वेळीं उन्हापासून होणारा अपाय दोन प्रकारचा असतो. त्यांतील भेद ओळखतां येणें प्रत्येक घरीं अगत्याचें आहे.

पहिला अपाय कातडीचा. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांनीं कातडी भाजते, तिची आग होते व कधीं फोड येतात. सावळ्या कातडीवर तांबडेपणा चटकन दिसत नाहीं. म्हणून कढतपणा व ठणका यांवरून तें ओळखावें. हें पोळणें सावलींत आल्यावरहि कांहीं तास वाढत असतें. यास्तव त्या भागावर थंड पाण्याची घडी वारंवार ठेवावी, पाणी भरपूर प्यावें व सैल सुती वस्त्र नेसावें. कोरफडीचा गर लावल्यास आग शमते. बर्फ चोळूं नये. तूप किंवा तेल लावूं नये. फोड तर मुळींच फोडूं नयेत. फोड पुष्कळ असल्यास, ताप वा ओकारी असल्यास, अथवा रोगी तान्हें मूल असल्यास डॉक्टरांस दाखवावें.

दुसरा अपाय सर्व देहाचा. यासच आपण ऊन लागणें किंवा उष्माघात म्हणतों. घाम सुकतांना शरीराची उष्णता घेऊन जातो. ही व्यवस्था कोलमडली म्हणजे अंगाची उष्णता ४० अंशांवर चढते व मेंदूस इजा होते. दि. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या समारंभास लाखों लोक उघड्या मैदानांत बसले होते. उन्हाच्या तापानें अनेकांस त्रास झाला व १४ जण मृत्यु पावले. समुद्राजवळच्या दमट हवेंत घाम लवकर सुकत नाहीं, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ हीं पूर्वचिन्हें होत. तेवढ्यावर सावलींत निजवून साखर-मिठाचें पाणी घोट घोट पाजावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें त्याचें प्रमाण. चमचा चहाचा घ्यावा. परंतु रोगी असंबद्ध बोलूं लागला, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. तापाच्या गोळीचा येथें उपयोग होत नाहीं, आणि कपाळीं कांदा चोळीत बसल्यानें केवळ वेळ दवडला जातो.

विद्यार्थिमित्रहो, पोळलेल्या कातडीस घरचा उपचार बहुधा पुरतो. ऊन लागलेल्या माणसास तो पुरत नाहीं. मात्र डॉक्टर येण्यापूर्वीं ओतलेली पाण्याची घागर त्याचा जीव वांचवूं शकते. शेतावर भाकरी घेऊन जाल, तेव्हां पाण्याची कळशी व डोईस पंचा यांची आठवण वडील माणसांस अवश्य द्यावी.