बांधावरची ओळख : लव्हाळा हे गवत नव्हे

मागच्या भागात हराळी पाहिली. आज तिच्या शेजारीच उगवणारा लव्हाळा. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथे जिथे पोचलं, तिथे उसाच्या सरीत आणि पाटाच्या कडेला तो हमखास दिसतो. आपण त्यालाही सरसकट गवत म्हणतो, आणि माझ्या मते पुढची निम्मी मेहनत तिथेच वाया जाते.

ओळखायला बोटं पुरेशी आहेत. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवा. हराळीची काडी गोल असते, तिला पेरं असतात. लव्हाळ्याचा दांडा तीनधारी, आतून भरीव आणि बुडापासून फुलोऱ्यापर्यंत बिनपेराचा. वरून पाहिलं तर पानं तीन दिशांना फाकलेली दिसतात, गवताची दोनच दिशांना. पानाचा तळ दांड्याभोवती बंद नळीसारखा असतो. गवतात तो बहुधा एका बाजूने उकललेला असतो.

लव्हाळ्याचं कुळच गवतापेक्षा वेगळं आहे, आणि त्या कुळाचा पसारा मोठा आहे. हिमालयातल्या उंच कुरणांत त्यातल्याच कॅरेक्स या वंशाच्या अनेक जाती वाढतात. जगभरात त्या वंशाच्या सुमारे दोन हजार जाती आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखायच्या तर फळाभोवतीची इवलीशी पिशवी भिंगाखाली पाहावी लागते. आपल्या लव्हाळ्याला, म्हणजे सायपेरस रोटंडसला, ही पिशवी नसते. त्याचा फुलोरा तांबूस-तपकिरी. पिवळसर फुलोऱ्याचा त्याचा एक भाऊबंद आहे, पण त्याच्या गाठी मुळकांडाच्या टोकाला एकेकट्या येतात.

लव्हाळ्याच्या गाठी मात्र माळेतल्या मण्यांसारख्या एकापुढे एक असतात. वासाला सुगंधी, चवीला कडू. आयुर्वेदातला मुस्ता, म्हणजे मोथा, तो हाच. खरी ओळख या गाठींत आहे आणि खरी अडचणही. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांचे डोळे दबवून ठेवते. खुरप्याने किंवा रोटाव्हेटरने माळ तुटली, की सुट्या झालेल्या गाठी स्वतंत्रपणे फुटतात. भांगलण झाल्यावर आठवड्याभरात सरी पुन्हा हिरवी का होते, याचं उत्तर हेच. १९७७ साली लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी जगातल्या तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक याच वनस्पतीला दिला.

त्याची दुखरी नस दोन ठिकाणी आहे. सावली त्याला सोसत नाही, म्हणून उसाची पानं एकमेकांना भिडली की तो मागे पडतो. आणि उन्हाळी नांगरटीत वर आलेल्या गाठी कडक उन्हात सुकून मरतात, मात्र रान कोरडं राहिलं तरच. फक्त गवतावर चालणारं तणनाशक त्याला मारत नाही. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात, आणि ते हराळीवर चालत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक रोप खुरप्याने गाठीसकट उकरून काढा, दांडा फिरवून बघा आणि तेच रोप दुकानदारापुढे ठेवा.