रेखाटनाचा आरंभ

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला तासिका असते. परंतु ती पुष्कळदा नावापुरतीच उरते. गणिताचा मागे राहिलेला भाग पुरा करावयाचा असो की परीक्षेची उजळणी घ्यावयाची असो, प्रथम गदा येते ती याच तासिकेवर. तासिका झालीच, तर फळ्यावर एक चित्र काढले जाते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. दोन डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, वळणे घेत गेलेली नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड, हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यात पाहावयास मिळते. ज्या गावाभोवती क्षितिजापर्यंत काळे रान पसरलेले आहे आणि नारळ देवळात फोडण्यापुरताच दिसतो, तेथील मूलही हेच चित्र काढते. त्याच्या दारची बाभळ, गोठ्यातले वासरू, ओसरीवरचा रांजण यांना मात्र वहीत जागा मिळत नाही.

या पद्धतीने चित्रे पुष्कळ जमतात, पण रेखाटन येत नाही. चौथी-पाचवीत गेल्यावर तेच मूल ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणू लागते. हे वाक्य एकदा मनात ठसले की बहुधा जन्मभर सुटत नाही. असे म्हणणाऱ्यांत पुष्कळ शिक्षकही असतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी असून तेथेही शंभरांहून अधिक पट असेल तरच लागू होते. खालच्या वर्गांत हा विषय वर्गशिक्षकानेच शिकवावयाचा असतो. तेव्हा रेखाटनाचा आरंभ कसा करावा, हा प्रश्न मुलांचा आहे तितकाच शिक्षकांचाही आहे.

मूल काय काढते?

आरंभ करणाऱ्याची अडचण हातात असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. जो हात वळणदार अक्षर काढतो, सुईत दोरा ओवतो, दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालतो, त्यास रेघ ओढणे अशक्य असण्याचे कारण नाही. अडचण असते ती पाहण्याची. डोळ्यांपुढे वस्तू असतानाही आरंभी मनुष्य ती पाहून काढीत नाही. तिच्याविषयी त्यास जे ठाऊक असते ते काढतो.

फ्रेंच अभ्यासक लुके यांनी १९२७ साली मुलांच्या चित्रांवरील आपल्या ग्रंथात ही गोष्ट विस्ताराने मांडली. लहान मूल आपल्या ज्ञानाचे चित्र काढते, दृश्याचे नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. बैलगाडी एका बाजूने काढतानाही मूल दोन्ही चाके शेजारी शेजारी दाखवते, कारण गाडीला दोन चाके असतात हे त्यास ठाऊक असते. घराच्या भिंतीतून आत बसलेली आजी दिसते. जमिनीखालचे बटाटे दिसतात. ही चूक नव्हे. त्या वयातील मुलाची सांगण्याची ती रीतच होय. यास्तव पहिली-दुसरीच्या मुलांच्या चित्रांत दुरुस्ती करू नये. त्यांना भरपूर काढू द्यावे आणि ‘हे काय आहे, सांग पाहू’ एवढेच विचारावे.

नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र पालट होतो. आपले चित्र वस्तूसारखे दिसत नाही, हे मुलास स्वतःलाच खटकू लागते. ते सारखे खोडते, कागद चुरगळते, चित्र हाताने झाकून घेते. नेमक्या या वेळी त्यास साहाय्य मिळाले नाही, तर ते चित्र काढणे सोडून देते. फळ्यावरचे दुसरे चित्र उतरविण्यास देणे हे साहाय्य नव्हे. साहाय्य म्हणजे पाहावयास शिकविणे.

पाहण्याचे काही पाठ

पहिला पाठ पाण्याच्या साध्या पेल्याचा घ्यावा. पेल्याचे तोंड गोल असते हे मुलास माहीत असते, म्हणून ते पूर्ण गोल काढते. पेला जमिनीवर सपाट बसतो हेही माहीत असते, म्हणून बूड सरळ रेघेने काढते. या दोन गोष्टी एका चित्रात येताच पेला वाकडा दिसू लागतो आणि का, ते मुलास कळत नाही. अशा वेळी पेला मुलाच्या डोळ्यांच्या पातळीत धरावा. तोंड आडव्या रेघेसारखे दिसेल. पेला हळूहळू खाली न्यावा. रेघ उघडत जाऊन तिचा लंबगोल होईल. पेला जमिनीवर ठेवून वरून वाकून पाहिले की मगच गोल दिसेल. बाकावर ठेवलेल्या पेल्याचे बूडही सरळ नसून खाली फुगलेली वक्र रेघ असते, आणि ते डोळ्यांपासून अधिक खाली असल्यामुळे तोंडापेक्षा किंचित अधिक वक्र दिसते. हे सांगून उपयोग नाही. प्रत्येक मुलाने पेला हाती घेऊन वरखाली करून पाहावे.

दुसरा पाठ कडेचा. झाडाचे एक पान समोर ठेवावे. देठापासून आरंभ करून डोळा पानाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने न्यावा आणि त्याच गतीने पेन्सिल कागदावर सरकवावी. कागदाकडे पाहू नये. अमेरिकेतील कलाशिक्षक निकोलाइडिस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अभ्यासास मोठे महत्त्व दिलेले आहे. येणारे चित्र वेडेवाकडे असते आणि वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा. परंतु पानाच्या कडेला किती दाते आहेत, कीड कोठे लागली आहे, टोक कोणत्या बाजूस वळले आहे, हे मुलाने आयुष्यात प्रथमच पाहिलेले असते.

तिसरा पाठ रिकाम्या जागेचा. खुर्ची काढावयास सांगितली, तर चार पायांच्या ज्ञानामुळे गोंधळ होतो. त्याऐवजी पायांमधील मोकळ्या जागांचेच आकार काढावयास सांगावे. कपाचा कान काढताना कानाच्या आतील पोकळीचा आकार काढावा. त्या पोकळीस नाव नसते व तिच्याविषयी कोणास काही ठाऊकही नसते. म्हणूनच ती जशी आहे तशी दिसते. पोकळी बरोबर आली की तिच्याभोवतीचा कान आपोआप बरोबर येतो. एखादे रेखाचित्र उलटे धरून त्यावरून काढण्याचा अभ्यासही याच जातीचा आहे. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. त्यांनी त्यास जोडलेली डाव्या-उजव्या मेंदूची उपपत्ती पुढील संशोधनात त्या रूपात टिकली नाही. तथापि अभ्यास उपयुक्त आहे, कारण उलट्या चित्रात नाक हे नाक म्हणून ओळखू येत नाही, केवळ रेघ म्हणून दिसते.

चौथा पाठ मापाचा. पेन्सिल आडवी धरून हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करावा, एक डोळा मिटावा आणि वस्तूची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने खुणावावी. ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. कोपर वाकले की माप बदलते, एवढे मात्र बजावून सांगावे. याच रीतीने वर्गातील एखाद्या मुलाचा चेहरा मोजावा. बहुतेक जण डोळे कपाळाच्या जवळ, फार वर काढतात. मोजून पाहिले असता ते माथा व हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर निघतात. वर्गात या शोधाने जे आश्चर्य पसरते, ते शंभर सूचनांनी साधत नाही.

साधने व शिस्त

साधनांवाचून काम अडू नये. पाटी व खडू, चुलीतला कोळसा, जुन्या वह्यांतील कोरी पाने एवढ्यावर आरंभ होतो. पेन्सिल घेणे झाल्यास एचबी किंवा टूबी पुरे. बी या अक्षरामागचा आकडा वाढतो तसा तिचा गर मऊ व काळा होत जातो. तिला शिसपेन्सिल म्हणत असले, तरी त्या गरात शिसे नसते. ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे ते मिश्रण असते. पट्टी आणि खोडरबर पहिले काही महिने दूर ठेवावे. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी दुसरी ओढावी. पहिली डोळ्यांपुढे असली, तरच दुसरी कोठे हवी ते कळते.

आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे रेखाटन केल्याने अधिक लाभ होतो. शिक्षकाने मुलाच्या चित्रावर आपली रेघ ओढू नये. ‘हे चुकले’ असे म्हणण्याऐवजी ‘पेल्याकडे पुन्हा पाहा, डावी बाजू उजवीपेक्षा लांब दिसते का?’ असे विचारावे. उत्तर मुलाने वस्तूकडे पाहून शोधावे, शिक्षकाच्या मुद्रेकडे पाहून नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुले काढीत असताना शिक्षकानेही त्यांच्यासमवेत बसून तीच वस्तू काढावी. त्याचे चित्र साधारण आले, तर काहीही बिघडत नाही. मोठी माणसेही पुन्हा पुन्हा पाहतात, चुकतात व सुधारतात, हे मुलांना दुसऱ्या कोणत्या तासिकेस इतके स्पष्ट दिसेल?

या विषयाचे प्रयोजन

प्रत्येक मुलास चित्रकार करणे हा या विषयाचा हेतू नाही. १९३७ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्धा शिक्षण योजनेचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा त्यात चित्रकलेस स्थान दिले; आकार व रंग यांचे निरीक्षण करण्याचे व त्यांतील भेद ओळखण्याचे वळण डोळ्यांस लावणे, हा त्यामागील एक उद्देश होता. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खेद व्यक्त करून मुलांना अक्षरे गिरविण्याआधी चित्र काढण्यास शिकवावे, असे मत मांडले आहे. मूल फुले-पाखरे पाहून ओळखते, तशीच त्याने अक्षरेही आधी पाहून ओळखावीत आणि वस्तूंची चित्रे काढू लागल्यावर ती लिहावयास शिकावे, असा त्यांचा अभिप्राय होता.

दोन्हींचा रोख एकच आहे. ज्याने एक पान नीट पाहून काढले, तो वनस्पतींच्या पाठात आकृती पाठ करीत बसत नाही. ज्याने पेन्सिलीने माप घेतले, त्यास गुणोत्तर हा शब्द परका वाटत नाही. आणि ज्याने आपल्या दारची बाभळ एकदा कागदावर आणली, तो तिच्या सावलीतून जाताना मान वर करून पाहतो.

ज्या शिक्षकांस आरंभ करावयाचा आहे, त्यांनी प्रत्येक मुलाकडून व स्वतःकडूनही एका पेल्याचे चित्र काढून घ्यावे, त्यावर तारीख घालावी आणि ते कागद कपाटात बांधून ठेवावेत. तीन महिने रोजचा अभ्यास झाल्यावर त्याच पेल्याचे चित्र पुन्हा काढावे व दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. गुण देण्याची आवश्यकता राहणार नाही. किती पाहावयास आले, हे ज्याचे त्यासच दिसेल.