बसण्याचा हक्क आणि दुकानदाराचे दायित्व

उद्योगांच्या सामाजिक बांधिलकीची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर येतात ते मोठे कारखाने, त्यांनी बांधलेली रुग्णालये आणि दत्तक घेतलेली खेडी. कायद्याचा रोखही तिकडेच राहिला. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक कसोटी पूर्ण करणाऱ्या कंपनीने सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे बंधन त्याने घातले. पेठेतील कापडदुकान, छापखाना किंवा पिठाची गिरणी या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. म्हणून त्यांच्यावर दायित्वच नाही, असे मानावयाचे काय?

लहान व्यापारी समाजासाठी हात आखडता घेतो, असे मुळीच नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, शाळेतील बक्षिसे, उन्हाळ्यातील पाणपोई यांचा भार बहुधा तोच उचलतो. परंतु हे झाले दातृत्व. दायित्वाची कसोटी दुकानाच्या उंबरठ्याच्या आत लागते.

केरळमधील एक लढा या दृष्टीने उद्बोधक आहे. कोळिक्कोड शहरातील मिठाई तेरुवु या जुन्या पेठेत कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसले तरी बसण्यास मनाई. स्वच्छतागृहाची सोय नसल्याने कित्येक जणी पाणी पिणेच टाळीत. व्यवसायाने शिंपीकाम करणाऱ्या विजी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या. अखेर २०१८ मध्ये केरळने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तोच मार्ग अनुसरला. एका स्टुलासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला, ही गोष्ट व्यापारी वर्गाला भूषणावह नाही.

महाराष्ट्रात जुन्या गुमास्ता कायद्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले. कागदपत्रांचा जाच कमी करण्याचा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. मात्र जेथे कायदा मागे सरतो, तेथे मालकाच्या विवेकावरील भार वाढतो, हे विसरून चालणार नाही.

दुकानदाराच्या अडचणीही खोट्या नाहीत. जागेचे भाडे, उधारी आणि घरपोच माल देणाऱ्या बड्या कंपन्यांची स्पर्धा यांनी तो जेरीस आला आहे. पण वेळेवर पगार, साप्ताहिक सुटी, दुपारच्या जेवणाला निवांत अर्धा तास आणि बसायला एक स्टूल यांसाठी कोटींची उलाढाल लागत नाही. शिवाय कारखानदाराला आपल्या हजारो कामगारांची नावे ठाऊक नसतात. दुकानदाराला आपल्या चार नोकरांची घरे, त्यांची मुले, त्यांची दुखणीही ठाऊक असतात. अज्ञानाची सबब त्याला उपलब्ध नाही.

यात ग्राहकाचाही वाटा आहे. विक्रेती बसलेली दिसली की आपला अवमान झाला असे मानणारे गिऱ्हाईकच तिला उभे ठेवीत असते. तेव्हा साडीचा पोत पारखणाऱ्यांनी, ती उलगडून दाखविणारी स्त्री केव्हापासून उभी आहे, याचीही चौकशी करावी.