पलस्तर निघाल्यावर पाय वाळलेला का दिसतो

सेलू तालुक्यातलं वालूर तिथल्या गोलाकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जातं. अशा पायऱ्या उतरताना मुख्य भिस्त मांडीच्या पुढच्या स्नायूवर असते. भार पेलत तो सावकाश लांबतो, म्हणून गुडघा एकदम दुमडत नाही. पाय मोडून महिना-दीड महिना पलस्तरात राहिला, की ठळकपणे वाळतो तो हाच स्नायू.

पलस्तर कापलं की घरचे घाबरतात. कातडीचे पापुद्रे सुटत असतात, मांडी दुसरीपेक्षा उघड बारीक. गुडघ्याच्या वाटीपासून सारख्या उंचीवर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, की फरक आकड्यात कळतो.

स्नायूतली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नवी बांधली जातात. ताण थांबला की काही दिवसांतच ही बांधणी मंदावते. मोडणारी यंत्रणा मात्र चालूच राहते: काढून टाकायच्या प्रथिनाला युबिक्विटिनची खूण चिकटते आणि पेशीतलं प्रोटिआसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करतं. तंतू सहसा मरत नाहीत, एकेक तंतू बारीक होतो. पाय पुन्हा भरतो तो त्यामुळेच.

निरोगी तरुणांचा पाय 14 दिवस जखडून पाहिला, तेव्हा मांडीचा स्नायू सुमारे 8 टक्के घटला. ताकद मात्र जवळपास 23 टक्के गेली. स्नायू आक्रसण्याआधीच मेंदूकडून त्याला मिळणारा हुकूम क्षीण होतो. भार नसला की हाडंही अशीच झिजतात. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला 1 ते 1.5 टक्का विरळ होतं.

म्हाताऱ्या माणसांचं नुकसान तरुणांहून मोठं, कारण गेलेलं मांस परत येणं त्यांना फार अवघड जातं. "तुम्ही उठू नका, आम्ही देतो" म्हणत पाण्याचा तांब्याही बाजेवर हातात देणारी माया मला घातक वाटते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर तांब्यापर्यंत त्यांना जाऊ द्यावं, आपण फक्त बाजूला उभं राहावं.

पलस्तरातसुद्धा डॉक्टरांना विचारून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. पलस्तर निघाल्यावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मग पाय सरळ उचलायचा, मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं. जिना शेवटी, तोही कठडा धरून: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.