कोडची मांडणी आणि बदलांची नोंद

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बहुतेकदा एकमेकांना कधी न भेटलेली माणसे मिळून लिहितात. एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो आणि काही वर्षांनी तिसराच कोणी दुरुस्त करतो. म्हणून कोड कसा मांडायचा आणि त्यातल्या बदलांची नोंद कशी ठेवायची, हे प्रकल्पाला आधी ठरवावे लागते. ते ठरवताना तीव्र वाद होतात.

सर्वांत परिचित वाद ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेचा आहे. टॅब वापरला तर ही जागा किती रुंद दिसावी हे वाचणारा स्वतः ठरवू शकतो. स्पेस वापरल्या तर मांडणी सगळीकडे सारखीच दिसते. लिनक्स कर्नलच्या नियमावलीत टॅब आहे आणि त्याची रुंदी ८ अक्षरे धरली आहे. एका अटीत दुसरी, दुसरीत तिसरी असे गुंतवत गेल्यास ओळ भराभर उजवीकडे सरकते. तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर मुळातला कोडच सुधारावा, असे ही नियमावली सांगते. पायथन भाषेत ही जागा व्याकरणाचाच भाग आहे. तिच्या ‘पेप ८’ या २००१ मधील नियमावलीत ४ स्पेसची आणि जास्तीत जास्त ७९ अक्षरांच्या ओळीची शिफारस आहे.

ओळीची अशी मर्यादा ८० अक्षरे मावणाऱ्या जुन्या टर्मिनलपासून चालत आली. मे २०२० मध्ये लिनक्सच्या तपासणी स्क्रिप्टने आपली मर्यादा १०० वर नेली. ओळी विनाकारण तोडल्याने कोड वाचणे आणि त्यात शोध घेणे अवघड होते, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे होते.

मांडणीचा संबंध केवळ दिसण्याशी नाही. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये गंभीर दोष सापडला. अटीखालची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. अटीभोवती महिरपी कंस नसल्याने दुसरी ओळ अटीबाहेर पडली, दरवेळी चालू लागली आणि सही तपासण्याची पायरीच वगळली गेली. कंस असते तर ती जादा ओळ निरुपद्रवी ठरली असती. एका ओळीच्या अटीलाही कंस द्यावेत, या मताला अशा घटनांमुळे बळ मिळते.

मांडणीचे काम यंत्रावर सोपवणे हा अशा वादांवरचा एक उपाय. गो भाषेसोबत येणारे ‘गोएफएमटी’ सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवते. पायथनसाठी २०१८ मध्ये आलेले ‘ब्लॅक’ही जाणीवपूर्वक मोजकेच पर्याय देते. मात्र जुना कोड एकदम नव्या साच्यात घातला की बदललेल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा बदल त्या मांडणीच्या नावावर जातो आणि मूळ लेखक व कारण झाकले जाते. म्हणून बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीत २०१९ मध्ये असे ठरावीक बदल वगळून मागचा इतिहास पाहण्याची सोय आली.

गिट टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिले. कर्नलसाठी वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ या तशाच प्रणालीची मोफत परवानगी तेव्हा संपली होती. गिटमधली प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. एका कमिटमध्ये एकच बदल असावा आणि तो का केला हे संदेशात लिहावे, हा संकेत बहुतेक प्रकल्प मानतात. त्याचा फायदा दोष शोधताना कळतो. ‘बायसेक्ट’ आज्ञा इतिहासाचे दर वेळी दोन भाग करते, त्यामुळे सरळ रेषेतल्या हजार कमिटांतून दोषी कमिट साधारण दहा चाचण्यांत सापडतो. एका कमिटमध्ये दहा गोष्टी कोंबल्या असतील तर तो सापडूनही खरे कारण कळत नाही.

कामाच्या दोन समांतर शाखा एकत्र कशा आणायच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. मर्ज केल्यास काम प्रत्यक्षात जसे घडले तसे नोंदीत राहते. रीबेस केल्यास कमिट नव्याने रचले जातात आणि इतिहास सरळ, वाचायला सोपा होतो. पण तो जसाच्या तसा उरत नाही. दुसऱ्यांनी आधार घेतलेला, जाहीर झालेला इतिहास पुन्हा रचू नये, असा कर्नलचा दंडक आहे. एसक्यूलाइट प्रकल्प वापरतो त्या फॉसिल प्रणालीत तर रीबेसची सोय हेतुपुरस्सर ठेवलेलीच नाही.

यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्वांना योग्य ठरत नाही. पण ज्या प्रकल्पात काम करायचे, तिथला संकेत पाळणे महत्त्वाचे. खुद्द ‘पेप ८’ही प्रकल्पातली एकवाक्यता आपल्या नियमांपेक्षा वरची मानते आणि नियम पाळल्याने कोड वाचणे अवघड होत असेल तर तो बाजूला ठेवायला सांगते.