सायरन थांबल्यानंतर

मे २०२५ मधली गोष्ट आहे. सीमेवर तणाव होता. ७ मे रोजी देशात ठिकठिकाणी सायरन वाजवून नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. त्याच दिवसांत आमच्या गावी चहाच्या टपरीवर एक गृहस्थ बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "एकदाचा टाकावा अणुबॉम्ब, मिटवून टाकावी कटकट!" चारचौघे हसले. मी गप्प बसलो. माझ्या नावाच्या माणसाने अशा वेळी तोंड उघडलं, की लोक बोलणं ऐकण्याआधी नावाचा अर्थ लावतात. पण ते गप्प बसणं मला खुपत राहिलं. तिथे राहून गेलेलं आज बोलतो.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात 'मिटवणं' हा शब्द होता. बॉम्ब पडला की गोष्ट संपली, अशी आपली समजूत असते. सिनेमातही मोठा स्फोट शेवटीच होतो. याउलट, बॉम्ब पडल्यावर खरी गोष्ट सुरू होते, असं सांगणारी काही नाटकं पाश्चात्त्य दूरदर्शनवर झाली.

पहिलं 'द वॉर गेम'. पीटर वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये ते बीबीसीसाठी केलं. बातमीपट असावा तसं. ते इतकं भयंकर वाटलं, की बीबीसीने दाखवायचंच नाकारलं. पुढे त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, पण ब्रिटिश माणसाला आपल्या घरच्या पडद्यावर ते पाहायला १९८५ चा जुलै उजाडावा लागला. वीस वर्षं!

दुसरं अमेरिकेतलं, 'द डे आफ्टर'. २० नोव्हेंबर १९८३ च्या रात्री सुमारे दहा कोटी लोकांनी ते पाहिलं. कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स हे साधं गाव आणि तिथली साधी माणसं त्यात आहेत. अध्यक्ष रेगन यांनी ते आधीच, ऑक्टोबरमध्ये पाहिलं होतं. आपण फार खिन्न झालो, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. १९८७ मध्ये त्यांनी आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. तो करार काही एका चित्रपटामुळे झाला नाही, आणि २०१९ मध्ये तो मोडलाही. पण सत्तेवरच्या माणसाला क्षणभर का होईना खिन्न करणं, ही लहान गोष्ट नाही.

मला मात्र हलवून सोडलं ते तिसऱ्याने. 'थ्रेड्स', म्हणजे धागे. सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसीने ते दाखवलं. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन. शहर शेफील्ड, पोलादाच्या कारखान्यांचं. रूथ आणि जिमी या दोघांचं लग्न ठरलं आहे, रूथला दिवस गेले आहेत. ते नवं घर सजवताहेत. कोपऱ्यात टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू आहेत, तिकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. हे असं जवळजवळ पाऊण तास चालतं. मग बॉम्ब पडतात.

नगरपालिकेच्या तळघरात आणीबाणीची समिती बसलेली आहे. वरची इमारत कोसळते आणि समिती आतच अडकते. बाहेर दवाखान्यात औषध नाही, नळाला पाणी नाही, नोटांना किंमत नाही. अन्न हेच चलन. जळालेल्या शहरांचा धूर आणि काजळी आभाळात जाऊन सूर्य झाकते, थंडी पडते, पीक बुडतं. याला अण्वस्त्री हिवाळा म्हणतात. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणित १९८३ च्या डिसेंबरात मांडलं होतं, 'थ्रेड्स'ने ते घराघरांत नेलं. काही वर्षांत ब्रिटनची लोकसंख्या चाळीस लाख ते एक कोटी दहा लाखांच्या दरम्यान येते, म्हणजे मध्ययुगाइतकी, असं कोरडेपणाने सांगितलं जातं. ना रडण्याचं संगीत, ना भाषण.

आता मी कवी असल्यामुळे जे मला दिसलं ते सांगतो. रूथला मुलगी होते. दहा वर्षांनी शेतात राबून थकलेली रूथ मरते. मुलगी तिला हलवते आणि दोन-तीन तुटक शब्दांत कामाला ऊठ म्हणते. बस. हंबरडा नाही. त्या पिढीला भाषाच धड आलेली नाही. शिकवायला कुणी उरलं नाही, आणि उरले त्यांच्यात बोलण्याचं बळ नाही.

माझी दादी गेली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका, आमच्यातल्या आणि शेजारच्या मराठ्यांच्याही, तिची एकेक आठवण काढून रडत होत्या. तिच्या हातचं कालवण, तिची बोलणी, तिने उसनी दिलेली साखर. दुःखालाही शब्द लागतात आणि ते शब्द कुणीतरी आधी आपल्याला दिलेले असतात. बॉम्ब माणसं मारतो हे मला ठाऊक होतं. तो जिवंत राहिलेल्यांच्या तोंडातली ओवी, अंगाई आणि शिवीसुद्धा काढून नेतो, हे मला त्या मुलीने शिकवलं.

म्हणून ही नाटकं पाहावीत असं मला वाटतं. ती सुखावत नाहीत, झोपू देत नाहीत. पण कोणत्या बाजूचा विजय झाला, हा प्रश्नच त्यांत उरत नाही. अमुक देशाचा बॉम्ब चांगला, तमुक देशाचा वाईट, हेही उरत नाही.

टपरीवरचे ते गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते. पुन्हा तसं बोलले, तर आता मी गप्प बसणार नाही. एवढंच विचारीन, "भाऊ, दुसऱ्या दिवशी सकाळी या चहाला दूध कुठून येणार?" दूधवाला, त्याची म्हैस, तिचा चारा, चाऱ्यावरचं ऊन. धागा असा लांबवर जातो. आणि तो आपल्या दोघांच्या कपापर्यंत एकच येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)